मॅडम, हसू नका

आमच्या मामाच्या दुकानात हसायला बंदी आहे. तशी पाटी लावलेली नाही, पण गिऱ्हाईक फिरत्या स्टुलावर बसलं आणि मामाने एक डोळा मिटला की पुढचं सगळं ठरलेलं: "हनुवटी खाली. डावा खांदा वर. केस कानामागे. हसू नका." मामा पासपोर्ट फोटो काढतो. पासपोर्टचे, परवान्यांचे, परीक्षेच्या अर्जांचे, ओळखपत्रांचे. थोडक्यात, ज्यात माणूस स्वतःसारखा दिसला तर सरकारची पंचाईत होते ते सगळे. या कामात त्याचा हात धरणारं कोणी नाही. त्याने काढलेला एकही फोटो कुठल्या ऑफिसच्या खिडकीवरून परत आलेला नाही, आणि ही गोष्ट तो रोज कुणाला ना कुणाला सांगतोच.

मी त्याची भाची. त्याने टिपलेले चेहरे कॉम्प्युटरवर मापात कापायचे, हे माझं काम. दुकान दोन खोल्यांचं. पुढे काउंटर, मी, आणि एक आरसा. आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, कारण आधीचे सगळे कंगवे लोकांच्या खिशातून चालते झाले. मागे पांढरा पडदा, छत्र्या लावलेले दोन दिवे, स्टूल, आणि खिळ्याला टांगलेला काळा कोट. हा कोट कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे. ज्याचा शर्ट चुरगळलेला असेल त्याला मामा तो चढवतो. घट्ट होत असेल तर मागची शिवण उसवलेलीच आहे, ढगळ होत असेल तर मागून कपड्यांचे चिमटे. आमच्या गावातली निम्मी माणसं सरकारी कागदांवर याच एका कोटात बसलेली आहेत. त्या कोटाचा गुण असा, की तो अंगावर चढला की भल्याभल्यांचा कणा ताठ होतो, तोंड मिटतं आणि आपण काहीच केलेलं नाही असा भाव डोळ्यांत येतो.

आणि अशा माणसाला बायको कोण मिळावी, तर आमची मामी! मामी घरातच पाळणाघर चालवते. दिवसभर पोरांसाठी ती कधी बेडूक होते, कधी आगगाडी, आणि सगळ्यात जास्त वेळा अस्वल. तिचं हसू आधी खांद्यांत येतं. मग ती ओठ आवळून धरते, मग डोळ्यांना पाणी येतं, आणि मग जो काही बांध फुटतो तो कोपऱ्यावरच्या चावीवाल्यालासुद्धा ऐकू जातो. चावीवाला म्हणतो, "वहिनी हसल्या की माझ्या किल्ल्या वाजतात."

या दोघांची गाठ पडली ती याच दुकानात. मामी तेव्हा कॉलेजात होती आणि परीक्षेच्या अर्जासाठी फोटो काढायला आली होती. मामाने तिला कोट चढवला, मागून चिमटे लावले आणि म्हणाला, "मॅडम, हसू नका." मामीला तोवर हसू आलेलंच नव्हतं. ते तिथून आलं. तो जितक्या वेळा म्हणे "मॅडम, हसू नका", तितकं ते वाढत गेलं. त्या दिवशी फोटो झालाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी अर्जाची मुदत संपायला आली तेव्हा मामीने कशीबशी गालाला आतून दात रोवून तोंड सरळ ठेवलं आणि फोटो निघाला. तो फोटो मामाने आजवर पाकिटात ठेवलाय. मामीला तो अजिबात आवडत नाही.

आता सहलीचं घोडं कुठून निघालं ते सांगते. मामीची थोरली बहीण मध्यंतरी गेली. ही मावशी म्हणजे नकला करण्यात मामीच्याही चार पावलं पुढे. ती घरात आली की माणसं पोट धरून जमिनीवर बसत. ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर धड असा एकच मिळाला, तो मामाने काढलेला, परवान्यासाठीचा. मीच तो मोठा करून दिला. आता ती मावशी बैठकीच्या खोलीत भिंतीवरून सगळ्यांकडे असं बघते, की पाहुणे चहा पिता पिता ताठ बसतात.

एका रविवारी मामी त्या फोटोसमोर हातात कप घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, ही माझी ताई नाहीच. ही कुणीतरी बाई आहे, तिला खिडकीवर ताटकळत ठेवलंय."

मामा म्हणाला, "अगं, पण दोन्ही कान किती स्वच्छ आलेत बघ."

मामीने कप खाली ठेवला. मला वाटलं आता तोफ सुटणार. पण ती शांतपणे म्हणाली, "मला राष्ट्रीय उद्यानात जायचंय. रोज पोरांसाठी अस्वल होते मी, आयुष्यात एकदा खरं बघू दे. आणि तिथे मला एक फोटो हवाय. मोठा, रंगीत. मी हसतेय आणि माझ्या मागे अस्वल. उद्या मी गेले तर भिंतीवर तो लागला पाहिजे. तुमचा तो पाकिटातला लावलात ना, तर खाली उतरून येईन."

मी लगेच मोबाईल काढला. "मामी, एवढंच ना? मी काढते. आत्ता काढते. माझ्याकडे तुझे हसतानाचे ढीगभर पडलेत."

"तुझे आहेत गं. तू कुणाचेही काढतेस," मामी म्हणाली. "मला यांनी काढलेला हवाय. गावभरच्या लोकांकडे डोळा लावून बघत बसतात, माझ्याकडे हसताना एकदा बघू देत."

मामाचा चेहरा त्याच्याच फोटोंसारखा झाला. त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाला, "हसताना माणूस हलतो."

"मग हलू दे," मामी म्हणाली, आणि कप घेऊन आत गेली.

त्या दिवसापासून मामाच्या अंगात जे काही संचारलं त्याचं वर्णन कसं करावं मला कळत नाही. काउंटरवर उद्यानाचा नकाशा पसरला तो उचललाच नाही; गिऱ्हाइकं तळ्यावर कोपर टेकून आणि डोंगरावर पिशवी ठेवून पावती घेऊ लागली. मामीने स्थळं निवडली: धबधबा, निरीक्षण मनोरा, जुना लाकडी पूल, आणि अर्थातच अस्वलांचं तळं. मामाने एकेका स्थळावर आपला शेरा मारला. धबधबा: मागे पांढरं, चालेल. मनोरा: वरून फोटो काढला की कपाळ मोठं येतं, नको. पूल: हलतो, मुळीच नको. मामी म्हणाली, "अहो, आपण मजा करायला जातोय की पुलाचा परवाना काढायला?" पण ती खूश होती. खूश म्हणजे किती, तर पाळणाघरातल्या पोरांनाही तिने धबधबा शिकवला आणि त्या दिवशी बाथरूमभर पाणी झालं.

मग मामाने उद्यानाच्या कार्यालयात फोन लावला. मी समोरच होते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

"नमस्कार. आपल्याकडे अस्वलं दिसतात का?"

पलीकडून काहीतरी होकारार्थी आलं.

"समोरून दिसतात का?"

पलीकडून नुसतं "आं?" आलं.

"म्हणजे चेहरा पूर्ण दिसतो का? दोन्ही कान? साधारण किती वेळ स्थिर बसतात?"

पलीकडच्या माणसाने काय उत्तर दिलं ते मामाने कुणालाच सांगितलं नाही. पण फोन ठेवल्यावर त्याचे कान लाल झाले होते, आणि तो बराच वेळ नकाशावरचं तळं बोटाने चाचपत बसला. शेवटी म्हणाला, "सकाळी धुकं असतं म्हणे तळ्यावर." मग एकदम उजळला. "अगं, धुकं! म्हणजे मागे पांढरं!"

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगायचं तर मलाही त्या वेडाची लागण झाली होती. मी दुकानात बसून अस्वलांचे व्हिडिओ बघायचे आणि चेहरे कापताना चुकून एका हेडमास्तरांना अस्वलाच्या मापात कापलं.

खरी अडचण अस्वलाची नव्हतीच. अडचण मामाच्या तोंडाची होती. त्याला "हसा" म्हणता येत नव्हतं. सराव म्हणून त्याने एका कारकुनाला स्टुलावर बसवलं आणि बराच जोर लावून म्हणाला, "जरा... हसा बघू." कारकून दचकून उठला, आधी स्वतःच्या पॅंटकडे बघितलं, मग आरशात बघितलं आणि म्हणाला, "का, काय झालं?" मामा म्हणाला, "काही नाही, बसा. हसू नका." दोघांनाही हायसं वाटलं.

मग चावीवाल्याने तोडगा काढला. तो म्हणाला, "मामा, तुम्हाला ऐकणाऱ्या माणसांची सवय. अस्वल काय तुमचं ऐकणार आहे? माझं कुत्रं घ्या, ते माझंसुद्धा ऐकत नाही. त्याच्यावर हात बसवा." चावीवाल्याचं कुत्रं म्हणजे एक तपकिरी, ढब्बू, केसाळ प्रकरण. बसवलं की झोपायचं, उठवलं की चाटायचं. रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही ते मागच्या खोलीत आणलं. मामी पाळणाघराच्या कपाटातून बिस्किटांचा डबा घेऊन आली.

कुत्र्याला स्टुलावर चढवण्यात माझे नाकी नऊ आले. स्टूल फिरतं, कुत्रंही फिरतं, आणि मामा कॅमेऱ्यामागून हुकूम सोडतोय: "हनुवटी खाली. खाली. अरे, जीभ आत!" पांढऱ्या पडद्यावर तपकिरी केस उडत होते. मग चावीवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने खिळ्यावरचा कोट काढला आणि कुत्र्याला घातला.

आणि काय सांगू! त्या कुत्र्याचा कणा ताठ झाला. जीभ आत गेली. कान दोन्ही बाजूंना सारखे झाले. आपण काहीच केलेलं नाही अशा डोळ्यांनी ते सरळ कॅमेऱ्यात बघू लागलं. मामाने श्वास रोखून बटण दाबलं आणि भारावलेल्या आवाजात म्हणाला, "हा फोटो कुठेही चालेल."

झालं. मामीचे खांदे हलायला लागले. तिने ओठ आवळले, बिस्किटांचा डबा पोटाशी धरला, आणि मग बांध फुटला. ती भिंतीला टेकली, डबा खाली पडला, कुत्रं कोटासकट बिस्किटांवर पडलं. चावीवाला हसता हसता बाहेर पळाला. मी ओरडले, "मामा, मामीचा काढ! आत्ता!"

मामाने कॅमेरा वळवला. भिंगातून मामी दिसली, मान मागे टाकून हसणारी, डोळ्यांत पाणी. बोट बटणावर होतं. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हसू नका."

सवयीने निघालं ते, हे मला कळलं, त्यालाही कळलं. पण मामीचं हसू तिथल्या तिथे थांबलं. नळ बंद करावा तसं. तिने पदराने डोळे पुसले, वाकून डबा उचलला, झाकण लावलं. म्हणाली, "जाऊ दे. अस्वल बघून येऊ आपण. फोटोचं राहू दे." आणि ती घरी गेली.

मला मामाचा इतका राग आला की मी चार-पाच दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले. पण एकदा मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले, तर तो रिकाम्या स्टुलाकडे कॅमेरा लावून उभा होता आणि पुटपुटत होता, "हस. हस ना. हसतेस का जरा?" मी चहा तिथेच दिव्याखाली ठेवला आणि पाऊल न वाजवता परत आले. त्यानंतर माझा राग टिकला नाही.

निघायच्या दिवशी सामान बांधताना नवीनच भानगड झाली. उद्यानाच्या नियमांत लिहिलं होतं, भडक कपडे नकोत. मामीने तर फोटोचा नाद सोडलाय म्हणता म्हणता नवा पिवळा स्वेटर विणून ठेवला होता, आणि पिवळा म्हणजे कसला, बघितलं की डोळे मिटावेत असा. ती म्हणाली, "मी हाच घालणार. अस्वलाला काय करायचंय?" मी म्हटलं, "वरून काहीतरी घाल गं काळंबिळं." घरात काळं काही सापडेना. शेवटी मामाने दुकानातून तो कोट आणला. मामीने त्या कोटाकडे बघून नाक मुरडलं, पण पिशवीत टाकला.

प्रवासात मात्र सगळे पार उधळले होते. गाडीत मामीने अस्वलाचे सगळे आवाज एकदा काढून दाखवले, तेव्हा पुढच्या सीटवरचं बाळ रडायचं थांबलं आणि बाळाचे वडील जागा बदलून बसले. धबधबा पाहिला, पुलावर मामीने मुद्दाम उड्या मारल्या, मनोऱ्यावर मामा चढलाच नाही, कपाळाचं कारण सांगून. वाटेत हरणं दिसली, एक कोल्हा दिसला, रानडुकरांचं आख्खं कुटुंब दिसलं. पण सगळ्यांचं मागचंच अंग. जो तो प्राणी आम्हाला बघून पाठ फिरवत होता. मामा हवालदिल झाला. "इथे कुणाला समोर बघायची शिस्तच नाही," तो म्हणाला. आमची गाईडबाई, मोजकं बोलणारी, मानेभोवती दुर्बीण, तिने वळून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि परत पुढे बघू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. उघडी जीप, बोचरी थंडी. मामीने पिवळ्या स्वेटरवर कोट चढवला आणि वरपासून खालपर्यंत बटणं लावली. गाईडबाईने तोंडावर बोट ठेवून सांगितलं, "आवाज नाही. उतरायचं नाही. आलं तर आलं." जीप थांबली. तळ्यावर खरंच धुकं होतं. पाणी नाही, झाडं नाहीत, पलीकडचा काठ नाही, सगळं पांढरं.

मग त्या पांढऱ्यातून, पाण्याच्या पलीकडे, ते आलं.

मोठं, काळपट तपकिरी. काठावर येऊन त्याने हुंगलं, अंग झाडलं, आणि एका दगडावर चक्क बसलं. बसून आमच्याकडे बघू लागलं. समोरून. दोन्ही कान सारखे. हनुवटी खाली. मागे डाग नसलेलं पांढरं. मामाच्या घशातून बारीकसा आवाज आला. मला माहीत आहे, त्या क्षणी त्याला जगात दुसरं काही नको होतं. त्या अस्वलाचा पासपोर्ट काढून देणं हे त्याच्या आयुष्याचं सार्थक होतं. मी त्याचा दंड पकडला, कारण मला वाटलं हा आता मामीला विसरणार.

पण नाही विसरला. त्याने कॅमेरा अस्वलावरून काढला आणि मामीकडे बघितलं. कुजबुजला, "अगं, इकडे तोंड कर. उभी राहा."

मामीचे डोळे अस्वलावर होते. ती नुसती थरथरत होती आनंदाने. तिने सावकाश पाठ वळवली, जीपच्या दांडीला टेकून उभी राहिली. तिच्या खांद्यावरून पलीकडे अस्वल. मामाने कॅमेरा डोळ्याला लावला. आणि आमच्या मामीने, जिला हसतानाचा फोटो हवा होता म्हणून आम्ही एवढा डोंगर पालथा घातला होता, तिने काय करावं? केस कानामागे घेतले. हनुवटी खाली. डावा खांदा वर. तोंड मिटलं.

तो कोट! तो कोट आणि मामाचा मिटलेला डोळा! मी खुणा केल्या, दात दाखवले, अस्वल होऊन दाखवलं. मामीचे डोळे मला विनवत होते. तिला हसायचं होतं आणि ते येत नव्हतं. ती इतकी केविलवाणी दिसली की मलाच रडू फुटायची वेळ आली.

मामा कुजबुजला, "हस." काही नाही. "हस ना." मामीचा एक गाल हलला आणि परत जागेवर गेला. पलीकडे अस्वल उठायच्या बेतात होतं. त्याने एक पंजा दगडावरून खाली टाकला.

मामाने कॅमेरा खाली घेतला. मला वाटलं, संपलं. त्याने चष्मा सारखा केला, घसा खाकरला, पाठ ताठ केली, आणि दुकानातल्या त्या खणखणीत, कोरड्या आवाजात, तिला पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी म्हणाला होता तसंच म्हणाला:

"मॅडम, हसू नका."

मामीने त्याच्याकडे बघितलं.

"डावा खांदा वर. मॅडम, मागचे गृहस्थ बघा किती शांत बसलेत. तुम्ही हसू नका."

खांदे हलले. मी बघितलं, कोटाचे खांदे हलले. मामीने ओठ आवळले, गाल आतून दातांत धरला, जसा कॉलेजात असताना धरला असेल.

"मॅडम, अर्जाची मुदत संपत आली. हसू नका."

बांध फुटला. त्या सबंध तळ्यावर, त्या धुक्यावर, गाईडबाईच्या सगळ्या नियमांवर आमची मामी हसली. कोटाचं वरचं बटण तुटून माझ्या कपाळावर आपटलं, आतला पिवळा स्वेटर बाहेर आला, पाखरं उडाली, अस्वल दचकून उभं राहिलं आणि धूम पळालं. आणि मामा बटण दाबत होता, दाबतच होता, आणि त्याचे स्वतःचे खांदे गदगदा हलत होते. मी मामाला हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्याला पुढचा एक दात नाही हे मला त्या दिवशी कळलं. गाईडबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. रागाने की कशाने, ते मी विचारलं नाही.

त्यातला एकच फोटो धड आला, आणि धड म्हणजे मी म्हणते म्हणून. तो तिरका आहे. मामीचे डोळे मिटलेले, तोंड एवढं उघडं की मागची दाढ दिसते, कान एकच, केस तोंडावर, स्वेटर जळजळीत पिवळा. मागे पांढऱ्या धुक्यात अस्वलाचं पळतं ढुंगण. मी म्हटलं, "मामा, सरळ करून कापू का?" तर तो माझ्या अंगावर आला. "हात लावायचा नाही," म्हणाला.

मामीने तो हातात घेऊन जवळून पाहिला. मग मावशीच्या फोटोकडे बघून म्हणाली, "बघ ताई, मी सुटले." आणि हसता हसता रडली. मामा तिच्या शेजारी उभा राहिला, आणि तिच्याकडे बघत राहिला, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

भिंतीवर तो लागायला अजून पुष्कळ अवकाश आहे, असं मामा म्हणतो. तोवर त्याने तो दुकानाच्या दर्शनी काचेत लावलाय, सगळ्यांत मोठ्या चौकटीत. आसपास ताठ बसलेली अर्धी गावकरी मंडळी, एका कोपऱ्यात कोट घातलेलं कुत्रं, आणि मधोमध मामी. गिऱ्हाइकं थबकतात. परवा एक नवा माणूस आत आला, काचेकडे बोट दाखवून काळजीने विचारू लागला, "असा फोटो चालतो का हो?"

मामा उठला, बाहेर गेला आणि फडक्याने ती काच पुसली, आधीच स्वच्छ होती तरी.

"छे," तो म्हणाला. "हा कुठेच चालणार नाही. या, बसा. कोट घाला."